सकाळचा डोस

माझ्या मुलीच्या लघवीला वास येत होता आणि घरात त्या वासाची कारणं आधीच तयार होती. आईचं म्हणणं, मेथीचे लाडू. बाळंतिणीने मेथी खाल्ली की दुधाला वास येतो, दुधातून तो बाळात उतरतो, त्यात काय एवढं! वरच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, दुपटी नीट वाळत नसतील. आणि माझ्या नवऱ्याने घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधून फोनवर निकाल दिला, की डोंबिवलीत एमआयडीसीचा वास कुठे नसतो?

हे तो मला सांगत होता. मी त्याच एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर नमुने तपासते आणि माल पास की नापास ते ठरवते. माझ्या सहीशिवाय एक पिंप गेटबाहेर जात नाही. आज कुठल्या युनिटने काय सोडलंय, हे मी आईच्या गॅलरीत उभी राहून सांगू शकते. मेथीचा वास गोडसर असतो. हा नासका होता, नाकात चढणारा. मी तसं म्हटलं तेव्हा आई म्हणाली, "तुझं अंग ओलं आहे अजून. नाकाला काहीही भास होतात. आधी कानाला फडकं बांध."

बाळाला चौथा महिना लागला होता तरी मी ओलीच होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. शिवाय माझी नोकरीही डोंबिवलीतली, म्हणून मी आईकडेच राहिले होते आणि नवरा शनिवार-रविवार येऊन जाऊन होता. बाळंतपणाला आलेली लेक म्हणजे घरातली सगळ्यात लाडकी आणि सगळ्यात बिनकिमतीची बाई. तिच्या ताटात तूप वाढतात, तिला शेक देतात, तिची झोप जपतात. फक्त तिला काही विचारत नाहीत. ती काही बोलली, तर ते तिचं अंग बोलतंय असं समजतात.

आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर ती कुणी अडाणी बाई होती असं वाटेल. अडाणी असती तर मला इतका राग आला नसता. माझी आई शाळेत शास्त्र शिकवायची. आमच्या भागात निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलीत. भाजीवाल्यापासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत तिला 'बाई' म्हणतात. सूक्ष्मजीवांचा धडा ती फळ्यावर इतका सुरेख काढायची की मुलं तास संपल्यावरही पुसू द्यायची नाहीत. त्याच आईचा गुटीवर गाढ विश्वास. रोज सकाळी मालीश, अंघोळ, ओवा-वावडिंगाची धुरी आणि मग गुटी. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा असं एकेक उगाळायचं. कशाचे किती वेढे द्यायचे ते तिच्या बोटांत बसलेलं होतं. जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर बाळ दिवसभर पेंगतं, असं म्हणून ती मला त्या सहाणेला हातही लावू देत नसे. त्याच सहाणेवर मीही वाढले. तिला मधोमध खळगा पडलाय.

आणि खरं सांगायचं तर तोवर गुटीने आमचं काही वाईट केलं नव्हतं. वाईट केलं होतं औषधाने. दुसऱ्या महिन्यात बाळाला साधी सर्दी झाली. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी बाळाचं झबलंसुद्धा वर केलं नाही. मोबाइलवर बोलत बोलत कागदावर तीन औषधं खरडली, त्यातलं एक अँटिबायोटिक. दोन दिवसांत बाळाला जुलाब लागले, ढुंगण सोलवटून लाल झालं. आईने बाटली उचलली आणि मोरीत ओतली. सर्दी चार दिवसांत आपोआप गेली. तेव्हा मी आईच्या बाजूने होते. अजूनही त्या बाबतीत आईच्याच बाजूने आहे. आपल्याकडे हे औषध देवळातल्या प्रसादासारखं वाटतात, येईल त्याच्या हातावर ठेवतात. सर्दी, पडसं, दात, काही असो. त्या डॉक्टरवर माझा राग आहे तो त्या जुलाबांसाठी नाही. पुढे खरंच औषधाची गरज पडली तेव्हा त्यावरचा आईचा विश्वास त्याने आधीच उडवून ठेवला होता, त्यासाठी आहे.

तर वास. वासामागून ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. बाळ दूध ओढायचं आणि मध्येच सोडून रडायचं. शू करताना पाय पोटाशी घ्यायचं. आईने ते पाहिलं, तिला ते कळलंही. म्हणाली, "उन्हाळी लागली आहे तिला." म्हणजे निदान बरोबर जागी होतं! पण उपाय म्हणून तिने धणे भिजत घातले, बेंबीवर एरंडेलाचा बोळा ठेवला आणि मला मेथीचे लाडू बंद केले. दुसऱ्या दिवशी ताप वाढला. मी डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं, तर ती म्हणाली, "परत जुलाब लावून आणायचे आहेत का?"

नवऱ्याला फोन लावला. मला वाटलं, तो तरी म्हणेल, ताबडतोब ने.

"अगं, पॅनिक नको होऊस. एवढ्या लहान बाळाला डायरेक्ट अँटिबायोटिक म्हणजे जरा जास्तच होतं ना? पोटातले चांगले जंतूपण मरतात त्याने. आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याने मुलाला दोन वर्षांत एकही इंग्लिश औषध दिलेलं नाहीये."

"काय झालेलं त्याच्या मुलाला?"

"काहीच नाही झालं. तेच तर सांगतोय."

मी फोन ठेवला. बावीस मजली टॉवरमध्ये राहायचं, पाणी तीन वेळा गाळून प्यायचं, आणि बाळाच्या आजारपणात एकदम निसर्ग आठवायचा! याच्या आजोबांनी मिठागरात उभं आयुष्य काढलं. त्यांना निसर्गाचं इतकं कौतुक असल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि चपला घातल्या. आई बडबडत का होईना, पण छत्री घेऊन मागे आली. रिक्षाने आम्ही लहान मुलांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. या डॉक्टरांनी झबलं वर केलं, पोट दाबून पाहिलं, बारीक नळी घालून लघवीचा नमुना घेतला. बाळ किंचाळलं, तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, लघवीत पू आहे, जंतुसंसर्ग नक्की आहे. कुठला जंतू ते दोन दिवसांनी कळेल, पण औषध आज सुरू करायचं, थांबायचं नाही. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले तर तिथे डाग पडतो आणि तो डाग जन्मभर राहतो. आत्ता दूध पितेय, म्हणून घरी सोडतो. सकाळी एक डोस, संध्याकाळी एक. एकही चुकवायचा नाही.

इतकं सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग आईने विचारलं, "सोबत धण्याचं पाणी चालेल का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चालेल ना. धणे द्या, गुटी द्या, काजळ लावा. मग माझ्याकडे कशाला आलात? शिकल्यासवरलेल्या दिसता आजी, आणि प्रश्न असले विचारता?"

केबिनचं दार उघडंच होतं, बाहेर बसलेले लोक हसले. त्यात आईचा एक जुना विद्यार्थी होता, स्वतःचं मूल मांडीवर घेऊन. त्याने मान खाली घातली. आई काही बोलली नाही. रिक्षातही नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ती बोलत नाही म्हणजे तिने मनात काहीतरी ठरवलंय.

घरी आल्यावर औषधाची बाटली टेबलावर ठेवली. पांढरी प्लास्टिकची, आत पावडर. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं आणि हलवायचं. त्या बाटलीभोवती आमची बैठक बसली, नवरा स्पीकरवर. तो म्हणाला, रिपोर्ट येईपर्यंत थांबू या का? आई म्हणाली, चोवीस तास धण्याचं पाणी देऊन बघू, ताप नाही उतरला तर मग आहेच की औषध. दोघांचंही बोलणं अगदी समजूतदारपणाचं होतं. त्या समजूतदारपणाचीच मला भीती वाटली. बाळ माझ्या मांडीवर तापलेलं होतं आणि हे दोघं त्याला एक दिवस मागत होते.

भीती मलाही होती. ते सोलवटलेलं अंग मी विसरले नव्हते. पण लॅबमध्ये मी एक गोष्ट शिकलेय. नमुना बिघडलेला दिसत असताना 'उद्यापर्यंत बघू' म्हणणारा माणूस उद्याही बघतच बसतो. मी पाणी उकळलं, गार केलं, खुणेपर्यंत घातलं, बाटली हलवली. पहिला डोस मी दिला. मोठ्याने सांगितलं, "हेच द्यायचं. पूर्ण द्यायचं. आता यावर चर्चा नको."

नवरा म्हणाला, "ओके, ओके." आई म्हणाली, "तू आई आहेस. तू म्हणशील तसं."

संध्याकाळचा डोस माझ्याकडे होता. सकाळचा आईकडे, कारण सकाळ सगळी आईचीच होती. मालीशवाल्या बाई आधी बाळाला चोळायच्या, मग मला. माझी अंघोळ, माझा शेक, डोक्याला फडकं बांधून पलंगावर सक्तीची झोप; तोवर बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन, पाजायला माझ्याकडे आणून देणं हे आईचं काम. त्याच ओघात डोस. मी रोज विचारायचे, "दिलंस?" ती म्हणायची, "दिलं."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. डॉक्टरांचा फोन आला, रिपोर्ट आलाय, जंतू सापडलाय आणि दिलेलं औषध त्याच्यावर बरोबर चालतं. मला इतका आनंद झाला की मी आईला मिठी मारली. तीही हसली. आता आठवलं की ते हसू मला सहन होत नाही.

दोन दिवसांनी ताप परत आला, आणि या वेळी पहिल्यापेक्षा जास्त. बाळाने दूध सोडलं. उलट्या. डोळे अर्धे मिटलेले, मान खांद्यावर पडलेली. मी हाक मारत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरांनी हात लावला आणि लगेच कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये भरती करायला सांगितलं. आम्ही निघताना त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "औषध पूर्ण देताय ना?"

"हो," मी म्हटलं. ठणकावून म्हटलं. माझ्या सहीइतकंच ते 'हो' खरं होतं.

"मग असं व्हायला नको. रिपोर्टप्रमाणे तर औषध लागू आहे. आता मूत्रपिंडात काही अडथळा आहे का ते बघावं लागेल. बाटली घेऊन या बरोबर."

हॉस्पिटलात तिची शीर सापडेना. हातावर, पायावर, शेवटी डोक्यावर. मला बाहेर उभं केलं होतं. माझी मुलगी रडली नाही, नुसती कण्हली. रडली असती तर बरं वाटलं असतं. आई कोपऱ्यात बाकावर जपमाळ ओढत होती. नवरा घोडबंदरहून निघाला होता आणि ट्रॅफिकमध्ये अडकला होता. अर्ध्या वाटेवरून तो मला 'काळजी करू नकोस' असे मेसेज पाठवत होता. वाटेत तो डोंबिवलीला आईच्या घरी थांबला, वरच्या काकूंकडून किल्ली घेतली आणि फ्रिजमधली बाटली घेऊन आला.

त्याने बाटली माझ्या हातात दिली आणि हातात घेतल्याबरोबर मला कळलं. रोज संध्याकाळी तीच बाटली मी उचलत होते. पण मनात संशय नसला की हाताला वजन कळत नाही. बाहेरून काही दिसत नव्हतं. मी झाकणाचं माप भरलं आणि शेजारच्या बेसिनमध्ये ओतलं. परत भरलं, परत ओतलं. परत भरलं. नवरा म्हणाला, "काय करतेयस तू?" मी मोजत होते. एव्हाना तळाशी थोडंच उरायला हवं होतं. मी ओतत होते आणि ते संपतच नव्हतं.

मी आईसमोर जाऊन उभी राहिले. "सकाळचा डोस तू देत नव्हतीस."

तिने जपमाळ थांबवली. खोटं बोलली नाही, एवढं खरं. "पहिल्या सकाळी दिला. लगेच दोनदा पातळ शी झाली तिला. मला बघवेना गं. म्हटलं, संध्याकाळचा तर जातोच आहे, सकाळी पोटाला आराम मिळू दे. उष्ण पडतं ते. धण्याचं पाणी दिलं, गुटी दिली. आणि ताप उतरलाच होता की! मला वाटलं, गुण आला."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतंच ऐकलं! म्हणून तर सांगायचं असतं, आई! जायफळाचा एक वेढा जास्त झालेला चालत नाही तुला. तिथे मला हात लावू देत नाहीस. आणि हे अर्धं केलंस? हे चालतं अर्धं? मुलांना काय शिकवत होतीस इतकी वर्षं? फळ्यावर काढलेले जंतू खोटे होते का?"

माझा आवाज चढला होता. वॉर्डातले लोक दारात आले. नवरा मध्ये पडला. "शांत हो, प्लीज, सगळे बघतायत. आई, तुम्ही बसा, पाणी घ्या." पाण्याची बाटली त्याने आईला दिली, मला नाही. तेव्हा आईने त्याच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "जावईबापूंना विचारलं होतं मी. आपल्या मनाने नाही केलं."

मी त्याच्याकडे वळले. तो चपलांकडे बघत होता.

"मला वाटलं, एखाद्या वेळेस," तो म्हणाला. "आई म्हणाल्या, पोट बिघडलंय, सकाळचा देऊ का नको. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. तू आधीच इतकी टेन्शनमध्ये होतीस..."

म्हणजे बैठक दोनदा झाली होती. एक माझ्यासमोर, बाटलीभोवती. तिच्यात मी जिंकले. दुसरी माझ्या पाठीमागे, मी डोक्याला फडकं बांधून पडलेली असताना. आणि निर्णय त्या बैठकीत झाला. माझ्या मुलीच्या पोटात काय जायचं ते तिच्या आजीने आणि बापाने फोनवर ठरवलं, आणि मला त्रास नको म्हणून मला सांगितलं नाही.  दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं हे मला माहीत आहे. ते मला कुणी परत समजावून सांगू नये.

आमचे लहान मुलांचे डॉक्टर या हॉस्पिटलातही राउंडला यायचे. त्यांना मी खरं ते सांगितलं. ते आईला ओरडायला निघाले तेव्हा मी त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांची चेष्टा केलीत. त्यांनी साधा प्रश्न विचारला होता. पातळ शी होईल, घाबरू नका, औषध बंद करू नका, एवढं एक वाक्य सांगितलं असतंत तर चाललं असतं. तुमचं ज्ञान बरोबर होतं, डॉक्टर, पण ते घरापर्यंत पोचलं नाही."  दुसऱ्या दिवशी ते राउंडला आले तेव्हा आईला 'नमस्कार' म्हणाले. आईने उत्तर दिलं नाही.

शिरेतून औषध सुरू झाल्यावर ती सावरली. हाताला फळी बांधलेली, डोक्याची एक बाजू भादरलेली. चौथ्या दिवशी तिने माझं बोट घट्ट धरलं आणि हावऱ्यासारखं दूध प्यायली, तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले. घरी आल्यावर ती बरी कशाने झाली याचं श्रेय घ्यायला रांग लागली. काकूंनी दृष्ट काढली होती. आई टिटवाळ्याला नवस फेडून आली. नवऱ्याने ग्रुपवर 'आमची छोटी फायटर' म्हणून फोटो टाकला. औषधाचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

माझी रजा संपली. कामावर जायचं तर बाळ कुणाकडे ठेवायचं? पाळणाघरं मी बघून आले. एका ठिकाणी टीव्हीसमोर आठ मुलं ओळीने बसवलेली होती, एका ठिकाणी उंबऱ्यातच उग्र वास आला. दुसरा पर्याय नोकरी सोडायची. नवऱ्याने तो दबकत सुचवला आणि माझा चेहरा पाहून लगेच मागे घेतला. उरली आई. जिच्यावर माझा काडीचा विश्वास उरला नव्हता, आणि जिच्याइतकं माझ्या मुलीला कुणीही सांभाळलं नसतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल खऱ्या होत्या आणि त्यावर मी काही करू शकत नव्हते.

पुढची तपासणी होईपर्यंत रोज एक छोटा डोस द्यायचा होता. तो मी स्वतः देऊ लागले, सकाळी, निघायच्या आधी. मालीश बंद केली, शेक बंद केला, डोक्याचं फडकं कपाटात टाकलं. आई बघायची. एकदा म्हणाली, "मी देईन गं. आता नाही चुकणार." मी म्हटलं, "नको."

काही महिन्यांनी ठाण्याला नेऊन मूत्रपिंडाचा स्कॅन केला. डाव्या मूत्रपिंडावर एक लहान डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, काळजीचं फारसं कारण नाही, एवढ्याने काम थांबत नाही. पण रोजचा छोटा डोस अजून काही महिने चालू ठेवायचा, जन्मभर लक्ष ठेवायचं, रक्तदाब बघत राहायचा, ताप आला की आधी लघवी तपासायची. मी विचारलं, "हा डोस चुकल्यामुळे पडला का?"

त्यांनी बराच वेळ त्या चित्राकडे पाहिलं. "सांगता येत नाही. औषध सुरू होण्याच्या आधीच पडला असेल. नंतर पडला असेल. कुणीच सांगू शकणार नाही."

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक नमुन्याला मी पास किंवा नापास म्हणते. तिसरा शेरा आमच्याकडे नाही. आणि इथे, जिथे मला निकाल हवा होता, तिथे तो नव्हताच.

घरी आलो तर आई दारातच उभी होती. चेहरा उतरलेला. मी बाळाला घेऊन आत आले, तर लहान मुलाने पदर धरावा तसं तिने माझ्या ओढणीला धरलं. "काय निघालं?"

मी डाग सांगितला. ती खाली बसली.

"माझ्यामुळे?"

'हो' म्हणायची मला फार इच्छा झाली. जिभेवर आलं होतं. पण खोटं ते खोटं. मी म्हटलं, "सांगता येत नाही म्हणाले."

तिने डोळे मिटले, देवघराकडे हात जोडले. "म्हणजे माझ्यामुळे नाही. देवा, वाचवलंस रे बाबा."

"आई," मी म्हटलं, "सांगता येत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. हे तूच शिकवायचीस."

 मला वाटलं, आता रडेल. पण तेवढ्यात बाळाने तिला बघितलं, दोन्ही हात पुढे केले आणि 'आ, आ' करत तिच्याकडे झेप घेतली. दिवसभर सुया, यंत्रं, अनोळखी माणसं झाली होती. तिला आजी हवी होती. मी दिली. आईने तिला छातीशी धरलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, "आज फार दमली गं माझी बाय. चल, जराशी गुटी उगाळते. झोप लागेल."

ती असं म्हणाली. त्या दिवशी, त्या डागानंतर, अगदी सहज.

मी भांडले नाही. स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरची सहाण उचलली, गुटीची लाकडी डबी उचलली आणि माझ्या ऑफिसच्या सॅकमध्ये टाकली. आई दारातून बघत होती. "फेकू नकोस ती," एवढंच म्हणाली. "तुझी आहे."

फेकली नाही. फेकवत नाही. पण घरात ठेवायचीही हिंमत होत नाही. ती आता लॅबमध्ये माझ्या लॉकरमध्ये आहे, ॲप्रनच्या खाली. रोज सकाळी मी डोस पाजते, मुलीला आईच्या कडेवर देते आणि निघते. आईला हवी असती तर चार पावलांवर बाजार आहे, दुसरी सहाण आणता आली असती. तिने आणलेली नाही. तरी संध्याकाळी घरी आल्यावर मी मुलीला उचलण्याआधी ओट्यावर बघते, आणि मी बघतेय हे आई बघते.